सत्तावीस गावं आणि मातृभाषेचा रकाना

मुंबईहून अहमदाबादच्या हायवेने निघालं, की महाराष्ट्रातलं शेवटचं नाव लागतं ते अच्छाडचं. ट्रकवाल्यांना हे नाव देशभर ठाऊक आहे, कारण इथे चेकपोस्ट आहे आणि चेकपोस्टवर थांबावंच लागतं. उरलेल्या महाराष्ट्राला ते फारसं माहीत नाही. पुण्यात कॉलेजला असताना "गाव कोणतं?" या प्रश्नाला मी "अच्छाड" म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला असायचा, "म्हणजे गुजरातमध्ये ना?" आता बंगळुरूच्या ऑफिसात "बॉर्डरजवळचं आहे" म्हटलं की लोकांना थेट पाकिस्तानच आठवतो.

आमची बॉर्डर इतकी नाट्यमय नाही. तारा नाहीत, जवान नाहीत. एका बाजूच्या पाट्यांवर अक्षरांना डोक्यावर रेघ आहे, दुसऱ्या बाजूला ती पुसून टाकल्यासारखी दिसते. या बाजूला बार आणि वाइन शॉप दाटीने उभे आहेत, कारण पलीकडे दारूबंदी आहे. माझ्या लहानपणी मोबाइल घरात उशीकडे ठेवला तर महाराष्ट्राचा टॉवर आणि खिडकीत ठेवला तर गुजरातचा टॉवर पकडायचा. मग "गुजरातमध्ये आपलं स्वागत आहे" असा मेसेज यायचा आणि पाठोपाठ रोमिंगचे पैसे कापले जायचे. आईने खिडकीत फोन ठेवायला बंदी केली होती. घरातल्या घरात राज्य बदलण्याचा खर्च आम्हाला परवडणारा नव्हता.

ही रेघ तिथे कशी आली, ते मी फार उशिरा शोधलं. शाळेत १ मे १९६० म्हणजे हुतात्मे, मंगल कलश आणि झेंडावंदन. रेघेचा मजकूर मात्र 'मुंबई पुनर्रचना अधिनियम, १९६०' या कायद्यात आहे. गुजरातला कोणते प्रदेश जाणार हे सांगताना कायदा आधी अख्ख्या जिल्ह्यांची नावं घेतो: बनासकांठा, अहमदाबाद, सुरत, डांग वगैरे. त्यानंतर येतात सुटी गावं. काही पश्चिम खानदेशातल्या तालुक्यांची आणि काही ठाणे जिल्ह्यातल्या उंबरगाव तालुक्याची. या गावांची नावं पहिल्या अनुसूचीत एकाखाली एक दिलेली आहेत. माझ्यासारख्या दिवसभर फायली वाचणाऱ्या माणसाला ती यादी फार ओळखीची वाटते. नाव यादीत असलं तर इकडे, नसलं तर तिकडे. मधली तिसरी शक्यता नाही.

उंबरगाव तालुक्यातली ४७ गावं आणि ३ शहरं गुजरातच्या सुरत जिल्ह्यात गेली, पुढे ती वलसाडमध्ये आली. संजाण, नारगोळ, भिलाड, सोळसुंबा ही सगळी त्यातली. मागे २७ गावं राहिली. ती आधी डहाणू तालुक्याला जोडली आणि १९६१ मध्ये वेगळी काढून त्यांचा तलासरी महाल केला. अच्छाड या उरलेल्या पट्ट्यातलं. म्हणजे आमचा तालुका मुळात एका तालुक्याची शिल्लक आहे. ज्या उंबरगावाच्या नावाने तो ओळखला जायचा, ते गावच आता परराज्यात आहे. २०१४ मध्ये ठाण्यातून पालघर जिल्हा निघाला तेव्हा आमचा पत्ता पुन्हा एकदा बदलला. वेवजी आणि सोळसुंबा यांच्यामधली हद्द नेमकी कुठून जाते यावर तर अलीकडेही वाद झाले आहेत.

भाषेच्या तत्त्वावर राज्यं झाली, हे आपण पाठ केलेलं असतं. पण त्या गावांतले लोक कोणती भाषा बोलत होते? तलासरी आणि उंबरगाव, दोन्ही मुख्यतः आदिवासी भाग. वारली सर्वांत जास्त, त्याखेरीज धोडिया, कोकणा, काथोडी, दुबळा. त्यांच्या घरातली बोली पुस्तकातल्या मराठीशी जुळत नव्हती आणि पुस्तकातल्या गुजरातीशीही नाही. ग्रियर्सनच्या भाषा सर्वेक्षणाचा मराठीवरचा सातवा खंड १९०५ साली आला. त्यात वारली मराठीच्या बोलींमध्ये आहे. २०११ च्या जनगणनेच्या तक्त्यांत हीच वारली 'भिली/भिलोडी' या गटाखाली सापडते, धोडिया आणि कोकणा यांच्या शेजारी. बोलणारी माणसं तीच, पाडे तेच. फोल्डर मात्र दोन. १९६० साली तर त्यांच्यापुढे दोनच पर्याय होते, आणि निवडही त्यांनी केली नव्हती.

ही माणसं तेव्हा गप्प बसलेली होती असं मात्र नाही. राज्य फुटायच्या पंधरा वर्षं आधी याच मुलखाने मोठा आवाज केला होता. जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळ्याला किसान सभेचं अधिवेशन झालं आणि उंबरगाव तालुक्यातले काही वारली तिथे पोहोचले. २३ मे १९४५ ला झरी गावात वारल्यांची परिषद भरली. वेठ बंद, बारा आणे रोज, हा तिचा गाभा. लग्नासाठी कर्ज काढलं म्हणून जन्मभर सावकाराकडे राबणाऱ्या जोडप्यांना 'लग्नगडी' म्हणत. ते लग्नगडी सुटले. १० ऑक्टोबर १९४५ ला तलवाड्यात जमलेल्या जमावावर गोळीबार झाला आणि जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण मेले. गोदावरी परुळेकरांनी ही हकिकत 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात लिहिली. १९७० साली आलेल्या या पुस्तकाला पुढे साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. झरी आज तलासरी तालुक्यात आहे. पण चळवळ ज्या उंबरगाव-डहाणू पट्ट्यात पेटली, त्याचा मोठा तुकडा पलीकडे गेला. इकडच्या मुलाला हा इतिहास निदान मराठीत वाचता येतो. तिकडच्या मुलाच्या आजोबांचीही हीच गोष्ट आहे, फक्त ती ज्या लिपीत छापली आहे ती त्याच्या शाळेत शिकवत नाहीत.

माझे वडील सातारा जिल्ह्यातले. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक म्हणून इकडे आले आणि इथलेच झाले. आई आली तेव्हा तिला फक्त घाटावरची मराठी यायची. शेजारी भिलाडकडच्या एक गुजराती बेन राहायच्या. पहिल्याच आठवड्यात त्यांनी दारातून विचारलं, "तमे नवरां छो?" आई म्हणाली, "नाही हो, ते शाळेत गेलेत." गुजरातीत 'नवरो' म्हणजे रिकामा, ज्याला काम नाही तो. "रिकाम्या आहात का?" इतकंच त्या विचारत होत्या. हा किस्सा आमच्या घरी अजून सांगितला जातो, आणि दोन्ही भाषांमधला अर्थ एकच कसा आहे हे सांगायची संधी आई सोडत नाही.

अशा गमती इथे पावलोपावली आहेत. जुन्या मराठीत आणि गावाकडे 'बा' म्हणजे बाप, गुजरातीत 'बा' म्हणजे आई. आपल्याकडे काल आणि उद्या हे दोन वेगळे शब्द आहेत, गुजरातीत दोन्हींना 'काले' चालतं आणि कोणता काल ते क्रियापदावरून कळतं. गॅरेजवाला "काले" म्हणाला की वडील दोनदा विचारून घ्यायचे, "म्हणजे उद्या ना?" पण गंमत बाजूला ठेवून पाहिलं तर या दोन भाषा व्याकरणात सख्ख्या आहेत. दोघींनीही नपुंसकलिंग जपलं आहे, जे हिंदीने सोडून दिलं. आपण वाट पाहतो, ते 'वाट जुवे'.

आणि सगळ्यात मोठं साम्य 'आपण' या शब्दात आहे. "आम्ही जेवायला जातोय" म्हटलं की ऐकणारा समजतो, आपल्याला बोलावणं नाही. "आपण जेवायला जाऊ" म्हटलं की तो चपला घालतो. गुजरातीत हाच फरक 'अमे' आणि 'आपणे' असा आहे. हिंदीत दोन्हींसाठी 'हम', इंग्रजीतही एकच शब्द. हा भेद द्राविडी भाषांच्या सहवासातून इकडे आला असावा असं भाषाशास्त्रज्ञ मानतात. ऐकणाऱ्याला धरून की वगळून, हे दर वाक्यात ठरवायला लावणाऱ्या दोन भाषा इथे शेजारी नांदतात. त्यांच्यामधून रेघ ओढताना तिसऱ्या भाषेतली माणसं कोणाच्या 'आपण'मध्ये येतात, हे कोणी विचारलं होतं, असं त्या अनुसूचीवरून तरी दिसत नाही.

माझ्या धंद्यातली एक गोष्ट इथे सांगायलाच हवी. संगणकात प्रत्येक अक्षराला एक क्रमांक असतो. युनिकोडमध्ये देवनागरी 'क'चा क्रमांक २३२५, गुजराती 'क'चा २७०९. फरक ३८४. 'ख' घ्या, 'म' घ्या, काना घ्या, वेलांटी घ्या. फरक तोच, ३८४. भारतीय लिप्यांसाठी 'इस्की' नावाचं मानक बनवताना सगळ्या लिप्या एकाच साच्यात बसवल्या होत्या, आणि युनिकोडने तो साचा तसाच उचलला. त्यामुळे देवनागरीतला मजकूर गुजराती लिपीत न्यायचा असेल तर प्रत्येक क्रमांकात ३८४ मिळवायचे. थोडे अपवाद सोडले तर काम झालं. एका ओळीचा प्रोग्रॅम. पाटीवरची रेघ पुसायला याहून जास्त काही लागत नाही.

आता वारली. तलासरीतला मुलगा ती लिहायला बसला तर देवनागरीत लिहील, उंबरगावातला त्याचा मामेभाऊ गुजरातीत. दोघांचं वाक्य एक, मधलं अंतर ३८४. भाषांच्या आंतरराष्ट्रीय मानकात मराठीला आणि गुजरातीला दोन अक्षरी संकेत आहेत. वारलीला तीन अक्षरी आहे, 'व्ही-ए-व्ही'. म्हणजे जगाच्या वहीत तिची नोंद आहे. पण मी आजवर जितक्या फॉर्मवर काम केलं, त्यांतल्या एकाही भाषेच्या यादीत ती मला दिसली नाही. यादी बनवणाऱ्याचा त्यात काही डाव नसतो. तो वरच्या पंधरा-वीस भाषा उचलतो, शेवटी 'इतर' लिहितो आणि काम संपवतो. त्या 'इतर'मध्ये माझे निम्म्याहून जास्त वर्गमित्र राहतात.

गाण्यांनी मात्र ही रेघ कधीच मनावर घेतली नाही. अच्छाडपासून सिल्वासा जवळ आहे. दादरा आणि नगर हवेली १९५४ पर्यंत पोर्तुगिजांकडे होतं. त्या वर्षीच्या जुलै-ऑगस्टमध्ये ते मुक्त झालं, आणि मुक्त करणाऱ्यांमध्ये सुधीर फडके होते. होय, आपले बाबूजी. या मोहिमेच्या निधीसाठी लता मंगेशकरांनी पुण्यात कार्यक्रम केला होता. परुळेकरांच्या चळवळीत तयार झालेले वारलीही त्या लढ्यात होते. दुसऱ्याच वर्षी, १ एप्रिल १९५५ ला, पुणे आकाशवाणीवरून गीतरामायण सुरू झालं. आमच्या घरी रामनवमीला ते हमखास लागायचं, आणि वडील सिल्वाशाच्या दिशेने हात करून सांगायचे, "हा माणूस इथे येऊन गेलाय." बत्तीस वर्षांनी, १९८७ मध्ये, देशभर रविवारची सकाळ ओस पाडणारं 'रामायण' दूरदर्शनवर सुरू झालं. रामानंद सागर यांनी त्याचं चित्रीकरण उंबरगावात केलं. ज्या तालुक्याचं नाव आम्ही हरवलं, तिथे अयोध्याही उभी राहिली आणि लंकाही.

पण ही झाली बाहेरून आलेली गाणी. इथलं स्वतःचं वाद्य तारपा. वाळवलेला दुधी भोपळा, त्यात बसवलेल्या दोन नळ्या, जोडांना मेण आणि पुढे ताडाच्या पानांचा कर्णा. वाजवणारा मध्ये श्वास तोडत नाही, गालातली हवा फुंकता फुंकता नाकाने घेत राहतो. भात तयार व्हायच्या दिवसांत रात्री तारपा वाजायला लागतो, आणि बाया-पुरुष एकमेकांच्या कमरेला हात गुंफून त्याच्याभोवती फिरतात. चाल बदलली की पावलं बदलतात. तारप्याला पाठ करायची नाही, असा शिरस्ता आहे. जिव्या सोमा मशे यांच्या चित्रांतून हा फिरणारा नाच जगभर गेला. ते मूळचे आमच्याच तालुक्यातल्या धामणगावचे. लहानपणी आई गेल्यावर त्यांनी बोलणं सोडलं आणि ते धुळीत चित्रं काढत राहिले, असं सांगतात. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

वारल्यांचं गाणं फक्त तारप्यात नाही. लग्नात धवलेरी गाते. ती बाईच असते, आणि तिच्या गाण्याशिवाय लग्न लागत नाही. सुगीला भगत घांगळी घेऊन बसतो आणि कणसरीची, म्हणजे धान्याच्या देवीची कथा गातो. हे सगळं वारलीत. चित्राला भाषा लागत नाही, म्हणून ते विमानतळाच्या भिंतीवर, साडीच्या पदरावर, कॉफीच्या मगावर पोहोचलं. धवलेरीचं गाणं तिथे पोहोचणार नाही. ते कळण्यासाठी वारली यावी लागते, आणि जिला ती येते त्या मुलीला शाळेच्या पहिल्या दिवसापासून कळत जातं की ही घरी ठेवून यायची गोष्ट आहे. वर्गात मी 'शुद्ध' बोलायचो म्हणून भाषणाला मला उभं करायचे. माझ्या बाकावरचा मित्र मधल्या सुट्टीत इतका बडबडा, की त्याच्यापुढे मला बोलायला मिळायचं नाही. घंटा झाली की तो गप्प. आज लग्नांत कीबोर्डवर तारप्याची चाल वाजते, डीजेवर पोरं नाचतात, यूट्यूबवर नवी आदिवासी गाणी येतात आणि ती दोन्ही बाजूंच्या पाड्यांवर सारखीच वाजतात. याला कोणी भेसळ म्हणेल. मला त्यात बरं वाटतं, कारण निदान तिथे तो मित्र गप्प नसतो.

फेब्रुवारी २०११. जनगणनेचं काम शिक्षकांकडे असतं, तसं ते वडिलांकडे आलं. मी चौदा वर्षांचा, त्यांची पिशवी धरून पाड्यांवर फिरलो. फॉर्ममध्ये मातृभाषेचा रकाना होता. मातृभाषा म्हणजे लहानपणी आई ज्या भाषेत बोलायची ती, आणि सांगणारा जे सांगेल तेच लिहायचं, अशी सूचना. वडील प्रत्येक घरी विचारायचे, "आई कोणत्या भाषेत बोलायची?" बऱ्याच घरी उत्तर मिळायचं, "मराठीच लिहा ना, गुरुजी." मग आत वळून तोच माणूस बायकोशी वारलीत बोलायचा. एका म्हातारीने उलटं विचारलं, "आमच्या बोलीला काय म्हणतात ते तुम्हीच सांगा." नियम असा की सुचवायचं नाही. वडील थांबले, तिने मुलाकडे पाहिलं, मुलगा म्हणाला, "मराठी." वडिलांनी मराठी लिहिलं. परतताना ते म्हणाले, "नियमाने बरोबर आहे." आणि मग बराच वेळ काहीच बोलले नाहीत.

त्या मुलाला दोष देता येत नाही. जातीचा दाखला, रेशन कार्ड, सातबारा, शाळेचा फॉर्म, सगळीकडे राज्याची भाषा विचारली जाते. जिथे मराठी म्हटल्याने काम होतं तिथे तो मराठी म्हणतो. पलीकडचा त्याचा मामेभाऊ त्याच कारणासाठी गुजराती म्हणत असेल. अशी दोन उत्तरं दोन राज्यांच्या बेरजेत जातात आणि मधली भाषा तितकी लहान होते. १९६० साली भाषेवरून रेघ ठरली. त्यानंतर रेघेवरून भाषा ठरत गेली.

नाक्याचं महत्त्व आता ओसरतंय. २०१७ मध्ये जीएसटी आल्यावर विक्रीकराची अडवणूक गेली. २०१९ मध्ये गुजरातने आपले आरटीओ चेकपोस्ट बंद केले. हायवे क्रमांक ८ चा ४८ झाला, बुलेट ट्रेनचे खांब तालुक्यातून गेले. गाड्या आणखी वेगाने जातील आणि अच्छाड हे नाव ट्रकवाल्यांच्याही तोंडून कमी होईल. त्याचं मला फार दुःख नाही. नाव टिकावं म्हणून कोणी रांगेत तासन्‌तास उभं राहावं, असं थोडंच आहे.

मला काळजी रकान्याची आहे. पुढची जनगणना होईल तेव्हा पाड्यांवर पुन्हा कोणीतरी शिक्षक जाईल. वडील आता निवृत्त आहेत. माझा तो बाकावरचा मित्र मात्र आता आमच्याच तालुक्यात शिक्षक आहे, त्यामुळे कदाचित तोच जाईल. गेल्या दिवाळीत मी त्याला विचारलं, तू काय करशील? तो म्हणाला, "नियमाप्रमाणेच विचारीन. फक्त प्रश्न वारलीत विचारीन." मग म्हणाला, "आपल्या घरापासून सुरुवात करू."

त्याने 'आमच्या' म्हटलं नाही, ते माझ्या कानाने लगेच टिपलं. माझ्या फॉर्मवर मातृभाषा मराठीच लागणार, त्यात बदल नाही. पुढे येणाऱ्या 'इतर भाषा' या रकान्यात मात्र मी गुजराती लिहीन, आणि त्याच्याखाली वारली लिहिण्याइतकी ती मला येते का, याची परीक्षा त्यानेच घ्यावी असं ठरलं आहे.